कुठल्या कामाला कुठली केबल? कोकणातल्या घरासाठी, दुकानासाठी आणि बागेसाठी

दुकानात खिळ्याला टांगलेल्या दोन टाइप सी केबल शेजारी धरून बघा. टोकं सारखी, रंग सारखा, लांबीही सारखी. पण एकीतून १०० जीबीचं लग्नाचं शूटिंग चार-पाच मिनिटांत लॅपटॉपवर उतरतं आणि दुसरीला त्याच कामासाठी पाऊण तास लागतो. अशीही केबल हाती येते जिच्यावर फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला तो दिसतच नाही. टोकावरून एवढंच कळतं की केबल कुठल्या भोकात बसेल. आत तारा किती, त्या किती जाड, तांब्याच्या आहेत की नाहीत, हे टोकावरून कळत नाही. शिवाय आपल्याकडे खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. पुण्यात पाच वर्षं चालणारी केबल मालवणात किंवा हर्णैत एका पावसाळ्यात हिरवी पडू शकते.

म्हणून दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. कुठल्या यंत्रातून कुठल्या यंत्रात जोडायचं आहे. दोन्हीकडचे पोर्ट कसे दिसतात (मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा). केबलमधून काय जाणार आहे: फायली, चित्र, वीज की यांतलं एकापेक्षा जास्त. आणि अंतर किती. अंतर नजरेने ठरवू नका. केबल ज्या वाटेने जाणार त्या वाटेने, भिंतीच्या कडेने आणि चौकटीवरून सुतळी लावा, मग सुतळी मोजा आणि दोन्ही टोकांना मिळून अर्धा मीटर जास्त धरा. पाच मीटरच्या कामाला दहा मीटरची केबल घेऊन उरलेली गुंडाळून ठेवणं चुकीचं आहे. बहुतेक केबलींचा वेग आणि भरवसा लांबीबरोबर कमी होतो.

यूएसबी: नाव सोडा, आकडा बघा

यूएसबीची नावं इतक्यांदा बदलली आहेत की नावावरून खरेदी करणं धोक्याचं आहे. २००८ साली आलेलं यूएसबी ३.० पुढे ३.१ जेन १ झालं आणि नंतर ३.२ जेन १. तिन्ही एकच, वेग ५ जीबीपीएस (सेकंदाला ५ गिगाबिट). त्यामुळे पाकिटावर ५, १०, २० किंवा ४० जीबीपीएस असा आकडा शोधा. आकडा नसेल आणि नुसतं ‘फास्ट चार्जिंग’ लिहिलं असेल, तर ती केबल २००० साली आलेल्या यूएसबी २.०ची, म्हणजे ४८० एमबीपीएसचीच (सेकंदाला ४८० मेगाबिट) आहे असं धरून चला. महाग फोनबरोबर आलेली केबलसुद्धा बऱ्याचदा ४८०चीच असते.

हे आकडे बिटमध्ये असतात आणि फायली बाइटमध्ये, म्हणून आठाने भागायचं. ४८० एमबीपीएस म्हणजे कागदावर सेकंदाला ६० एमबी. प्रत्यक्षात हाती येतात ३५ ते ४०. मोठी फाइल कॉपी करताना वेग याच आकड्यावर अडून बसला, तर डिस्क किंवा लॅपटॉप खराब नाही. केबल किंवा पोर्ट यूएसबी २.०चा आहे.

जुन्या चौकोनी टाइप ए टोकात हा फरक डोळ्यांना दिसतो. टोक उजेडाकडे धरून आत बघा. यूएसबी २.०मध्ये पुढच्या बाजूला चार पट्ट्या दिसतात. ५ जीबीपीएसच्या टोकात त्या चार पट्ट्यांच्या मागे, खोलवर, आणखी पाच बारीक संपर्क असतात. आतली जीभ बहुतेक वेळा निळी असते, पण निळा रंग कुणीही भरू शकतो. पाच संपर्क मोजले की खात्री पटते. टाइप सीमध्ये अशी मोजणी डोळ्यांनी जमत नाही. तिथे पाकिटावरचा आकडा आणि केबलची जाडी यांवर जावं लागतं. १० जीबीपीएसची केबल जाड आणि थोडी ताठ असते. बोटाभोवती सुतासारखी गुंडाळली जाणारी बारीक केबल तेवढ्या वेगाची असणं जवळपास अशक्य.

लांबीची मर्यादा लक्षात ठेवा. टाइप ए ते बी अशी प्रिंटरची यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंत चालते. टाइप सी ते टाइप सी साधी केबल ४८० एमबीपीएसला ४ मीटर, ५ जीबीपीएसला २ मीटर, १० आणि २० जीबीपीएसला १ मीटर आणि ४० जीबीपीएसला फक्त ८० सेंटिमीटर. ‘३ मीटर, ४० जीबीपीएस’ असं छापलेली स्वस्त केबल दिसली, तर ती घेऊ नका. तेवढ्या लांबीला केबलच्या टोकांतच सिग्नल सावरणारी चिप लागते आणि ती केबल स्वस्त मिळत नाही.

विजेचा हिशेब वेगळा. टाइप सी ते टाइप सी केबल ३ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॉट नेते. त्यापुढे ५ अँपिअर न्यायचे तर टोकात ई-मार्कर नावाची छोटी चिप लागते. ती चार्जरला आणि लॅपटॉपला ‘माझी ताकद एवढी आहे’ असं सांगते. ती असली की १०० वॉट आणि नव्या नियमांच्या केबलवर २४० वॉटपर्यंत जाता येतं. ६५ वॉटचा लॅपटॉप ६० वॉटच्या केबलवर ‘स्लो चार्जिंग’ दाखवतो, तेव्हा चार्जर बदलून उपयोग नसतो. एक गोष्ट इथे नीट समजून घ्या, कारण तिचा बऱ्याचदा उलटा अर्थ लावला जातो. वॉट जास्त म्हणजे फायलींचा वेग जास्त, असं नाही. २४० वॉटची केबल ४८० एमबीपीएसचीही असू शकते. दोन्ही आकडे वेगवेगळे विचारा.

तारेच्या जाडीचा आकडा एडब्ल्यूजीमध्ये लिहितात आणि तो उलटा चालतो: आकडा लहान तितकी तार जाड. केबलच्या अंगावर २८/२४ असं काही छापलेलं असेल तर डेटाच्या तारा २८ आणि विजेच्या २४. विजेच्या ताराही २८च्या असतील तर काय होतं? एक मीटर केबलमध्ये वीज जाऊन परत येते, म्हणजे दोन मीटर तार. २ अँपिअर ओढले तर २८च्या तारेत जवळपास ०.८५ व्होल्ट वाटेतच गळतात आणि ५ व्होल्टचे ४.१५ उरतात. २४च्या तारेत ही गळती ०.३४ व्होल्ट. पोर्टेबल हार्डडिस्कमधून टिक-टिक आवाज येतो, ती मध्येच दिसेनाशी होते आणि पुन्हा येते, याचं कारण बऱ्याचदा हीच गळती असते. असं दिसलं की कॉपी तिथेच थांबवा. मूळची आखूड केबल लावा आणि डिस्क थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला जोडा, हबला नाही. अर्धवट लिहिताना वीज तुटली की फायली खराब होतात. घरातल्या लग्नाचे, बारशाचे फोटो त्याच डिस्कवर असतात.

हार्डडिस्कच्या पसरट, मध्ये खाच असलेल्या पोर्टच्या एका अर्ध्या भागात जुन्या फोनची मायक्रो यूएसबी केबलही बसते. बसते आणि चालतेही, पण यूएसबी २.०च्या वेगाने. तिथे पसरट टोकाचीच केबल घ्या.

टाइप ए ते टाइप सी केबलीत आणखी एक धोका आहे. तिच्या सी टोकात ५६ किलो-ओहमचा रेझिस्टर (विजेला अडवणारा बारीक भाग) असावा लागतो. तो फोनला सांगतो की समोर साधा यूएसबी पोर्ट आहे, बेताने ओढ. काही हलक्या केबलीत १० किलो-ओहमचा टाकलेला असतो. मग फोनला वाटतं समोर ३ अँपिअर उपलब्ध आहेत आणि लॅपटॉपच्या पोर्टवर त्याच्या ताकदीबाहेरचा भार पडतो. पोर्ट गरम होतो, कधी कायमचा जातो. हा रेझिस्टर बाहेरून दिसत नाही. म्हणून या एका केबलीसाठी तरी ओळखीच्या कंपनीची, बिल मिळणारी वस्तू घ्या.

कामं आणि केबली जुळवायच्या तर अशा. प्रिंटर, कीबोर्ड, स्कॅनर, सेवा केंद्रातलं बोटांचे ठसे घेणारं यंत्र यांना यूएसबी २.० भरपूर झालं, जास्त पैसे घालू नका. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कला ५ जीबीपीएस पुरे, कारण डिस्क स्वतःच सेकंदाला शे-सव्वाशे एमबीच्या आसपास देते. एसएसडीला (तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्कला) १० जीबीपीएसची, एक मीटरच्या आतली. डॉकिंग स्टेशनला (एकाच केबलीतून लॅपटॉपला मॉनिटर, डिस्क आणि वीज जोडणाऱ्या पेटीला) डॉकबरोबर आलेलीच केबल वापरा. ती हरवली तर ४० जीबीपीएस आणि १०० वॉट दोन्ही लिहिलेली बघा.

डिस्क लावल्यावर वायरलेस माउस अडखळत असेल तर माउस बिघडलेला नाही. ५ जीबीपीएसच्या यूएसबीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि माउसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शनने दूर न्या.

टीव्ही, मॉनिटर आणि प्रोजेक्टर

चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआयमध्ये १.४, २.० आणि २.१ हे पोर्टचे आकडे आहेत. केबलचे वर्ग वेगळे: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड. साध्या फुल एचडी टीव्हीला हाय स्पीड पुरे. ४के ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) १८ जीबीपीएस लागतात, तिथे प्रीमियम. ४के १२० हर्ट्झ किंवा नव्या गेमिंग कन्सोलला ४८ जीबीपीएसची अल्ट्रा. प्रीमियम आणि अल्ट्राच्या पाकिटावर स्कॅन करता येईल असं लेबल असतं. सोन्याचा मुलामा, जाळीदार वेष्टण, ‘८के’ अशी मोठी अक्षरं यांपेक्षा त्या लेबलावर भरवसा ठेवा. चित्र डिजिटल असतं, त्यामुळे महाग केबलीने रंग खुलत नाहीत. सिग्नल पोचला तर चित्र येतं. पोचायला कमी पडला तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा दोन-तीन सेकंद पडदा काळा होऊन परत येतो. असं दिसलं तर आधी सेटिंगमध्ये ६० हर्ट्झचं ३० करून बघा. त्रास थांबला तर दोष केबलचाच.

४केसाठी साधी तांब्याची केबल ५ मीटरच्या आत ठेवा. शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या सभागृहात प्रोजेक्टर १५-२० मीटरवर असतो, तिथे ऑप्टिकल (काचेच्या धाग्यातून उजेडाने सिग्नल नेणारी) एचडीएमआय घ्या. ती बारीक आणि हलकी असते, पण तिला दिशा असते: एक टोक लॅपटॉपकडे, दुसरं पडद्याकडे. टोकांवर तसं लिहिलेलं असतं. पाइपातून ओढण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा. उलटी ओढली गेली तर काहीच दिसत नाही आणि सगळी ओढाताण पुन्हा करावी लागते.

टाइप सी ते एचडीएमआय केबल घेताना लॅपटॉपच्या सी पोर्टशेजारी विजेचा बाण किंवा इंग्रजी डी आणि पी गुंतवलेलं चिन्ह आहे का बघा. नसेल तर मॉडेलची माहिती वाचा. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपच्या आणि फोनच्या सी पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही, कुठल्याही केबलीने नाही. डिस्प्लेपोर्टमधून (कॉम्प्युटरवरचा चित्राचा दुसरा पोर्ट) एचडीएमआयकडे जायला साधी केबल बहुतेक वेळा चालते. उलट दिशेला चालत नाही, तिथे वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. व्हीजीए हा चित्राचा जुना पोर्ट आता जुन्या प्रोजेक्टरपुरता उरला आहे. टोकाचे दोन्ही स्क्रू आवळा, एवढं बस.

लॅन केबल: इथे तांब्याचा प्रश्न येतो

आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसा फुकट जातो तो लॅनच्या (राउटर, कॉम्प्युटर, कॅमेरे एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या) केबलीत, म्हणून इथे थोडं थांबू. राउटर ओटीवर, कॉम्प्युटर माडीवर, कॅमेरे खळ्यात, आंब्याच्या बागेत, होमस्टेच्या खोल्यांवर. सगळीकडे हीच केबल.

कॅट म्हणजे या केबलीचा वर्ग. कॅट ५ई १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते. कॅट ६सुद्धा १०० मीटरला १ जीबीपीएसच नेते आणि १० जीबीपीएस ५५ मीटरपर्यंत. १० जीबीपीएस पूर्ण १०० मीटर हवे तर कॅट ६ए. घराला आणि दुकानाला कॅट ६ घ्या. भिंतीत एकदा गेलेली केबल पुढची पंधरा वर्षं कुणी बदलत नाही. १०० मीटरमध्ये दोन्हीकडच्या छोट्या पॅच कॉर्डही धरायच्या, म्हणजे मधली पक्की केबल ९० मीटर.

आता तांबं. बाजारात ‘सीसीए’ नावाची केबल भरपूर येते: आत अ‍ॅल्युमिनियमची तार, वर तांब्याचा पातळ मुलामा. खोक्यावर ही तीन अक्षरं बारीक छापलेली असतात, कधी नसतातही. तिचा विजेला होणारा विरोध शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट. लांबवर, त्याच केबलमधून वीज घेणारा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडतो आणि सकाळी सुरू होतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. दिवे लागले की ओढ वाढते आणि टोकाला व्होल्टेज उरत नाही. मुलामा जिथे फाटतो तिथे खाऱ्या ओलीत तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. टोकात पांढरी भुकटी उरते.

ओळखायचं कसं? केबलचा वीतभर तुकडा मागा. एक तार सोला आणि ब्लेडने तिच्या अंगावर हलकेच ओरखडा काढा. शुद्ध तांबं आतही तांबूसच राहतं. सीसीएत ओरखड्याखाली चांदीसारखा पांढरा रंग दिसतो. मग ती तार एकाच जागी मागे-पुढे वाकवा. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या मानाने लवकर तुटतं. खोकंही उचलून बघा. तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, त्यामुळे ३०५ मीटरच्या खोक्याचं वजन हातालाच कळतं. आधीच टाकलेली केबल तपासायची तर एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा पिळून एकत्र करा आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरने ओहम मोजा. २४ एडब्ल्यूजीच्या शुद्ध तांब्यात १०० मीटरला १७च्या आसपास येतात. २५च्या वर गेले तर सीसीए किंवा कुजलेला जोड.

टोक मारण्याचं काम (सगळे क्रिंपिंगच म्हणतात) सावकाश करा. बाहेरचं वेष्टण दोन-अडीच सेंटिमीटर सोला, आतल्या तारांना चरा पडू देऊ नका. एकमेकींभोवती पिळलेल्या तारांच्या जोड्या उलगडून डावीकडून क्रम लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा सरळ करून टोकं एका रेषेत कापा. वेष्टणाबाहेर १३ मिलिमीटरपेक्षा जास्त तार ठेवू नका. कनेक्टरची क्लिप खाली, तुमच्यापासून दूर, आणि भोक तुमच्याकडे धरा. पांढरा-नारिंगी डाव्या हाताला येतो. तारा आत ढकला, समोरच्या पारदर्शक भिंतीला आठही टोकं टेकलेली दिसली पाहिजेत. वेष्टणही कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो. मग टूलने एकदाच जोरात दाबा. कॅट ६ची तार जाड असते, ती कॅट ५ईच्या कनेक्टरमध्ये नीट शिरत नाही. कनेक्टर केबलच्या वर्गाचेच घ्या.

दोन्हीकडे ‘एकसारखा कुठलाही क्रम’ लावला की झालं, ही समजूत चुकीची आहे. हिरवी जोडी मुद्दाम तिसऱ्या आणि सहाव्या जागी फोडलेली असते, कारण यंत्र त्या दोन जागांना एक जोडी मानतं. रंग ओळीने लावले तर तिसऱ्या आणि सहाव्या जागी दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा येतात आणि पिळाचा फायदा जातो. साध्या टेस्टरवर एक ते आठ दिवे बरोबर लागतात, पण नेट रडत राहतं. आणि कॉम्प्युटर नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दाखवत असेल, तर चारपैकी एखादी जोडी तुटलेली आहे. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, १ जीबीपीएसला चारही. टोक पुन्हा मारा.

बाहेरची केबल

घरातली पांढरी-राखाडी पीव्हीसी केबल उन्हात तडकते आणि त्या तडीतून पाणी शिरतं. बाहेर काळ्या पॉलिथिलीन वेष्टणाची, आत जेल भरलेली आउटडोअर केबल घ्या. जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि पावसाळाभर ओला राहतो, म्हणून केबल चिऱ्याला थेट खिळू नका. पाइपातून न्या किंवा वळचणीखालून, पागोळ्यांच्या आतून ओढा. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. केबल भोकात शिरण्याआधी तिला खाली यू आकाराचा झोळ द्या. पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, केबलवरून चालत घरात येत नाही.

कॅमेऱ्याकडचं टोक उघडं ठेवू नका. विजेचा प्रवाह चालू असताना ओल शिरली की पिनांवर हिरवा कळंक फार लवकर चढतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी रबरी टोपी लोक फेकून देतात, ती लावायचीच. पिनांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा आणि वरून स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप श्रावणाआधीच सुटते.

केबल दोन माडांच्या मध्ये ताणून बांधू नका. वाऱ्यात दोन्ही वेगवेगळे हलतात आणि केबल टोकाशी तुटते. वानरांचा वावर असेल तिथे तरंगती केबल टाळा, पाइपातून जमिनीतून न्या. घुशींसाठीही पाइपच.

१०० मीटरच्या पलीकडची बाग, किंवा घरापासून सुटा असलेला पॅकिंगचा मांगर, यांना फायबर (काचेच्या धाग्याची केबल) टाका. अंतर कमी असलं तरी दोन इमारतींच्या मध्ये आमचं मत फायबरच्याच बाजूने आहे. वैशाखातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा जवळ पडल्या की तांब्याच्या लांब केबलीत झटका उमटतो आणि दोन्हीकडची यंत्रं एकदम जातात. काचेतून वीज वाहत नाही. सिंगल मोड ड्रॉप केबल आणि लॅनचा सिग्नल फायबरवर व फायबरचा लॅनवर आणणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लागतात. एकाच काचेवर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीनेच घ्या. एक १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५०वर ऐकतो, दुसरा उलट. दोन ए आणले तर लिंक दिवा कधीच लागणार नाही. हिरव्या टोकाच्या काचेचा माथा ८ अंश तिरका असतो, निळ्याचा तसा नसतो. हिरवं निळ्यात घालू नका. ड्रॉप केबलीत लोखंडी तार असेल तर ती यंत्रापासून दूरच कापून थांबवा, नाहीतर वीज तिच्यावरून आत येईल. फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका.

हे काम मृग लागायच्या आत किंवा दसऱ्यानंतर करा. ओल्या हवेत बंद केलेली ओल आतच राहते.

वजनकाटा आणि जुनी यंत्रं

काजू कारखान्यातल्या किंवा मासळीच्या काट्याला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असतो. ती केबल साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची. लॅपटॉपला यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर लागतो. अंक येत नसतील तर दोनच गोष्टी बघा: केबल सरळ आहे की दुसरी-तिसरी पिन उलटापालट केलेली, आणि काट्यातला बॉड रेट, म्हणजे अंक पाठवायचा वेग (बऱ्याचदा ९६००), सॉफ्टवेअरमधल्याशी जुळतो का. अंकांऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर बॉड रेट चुकला आहे, केबल बरोबर आहे.

खारी ओल

आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. तसंच पिनांवर बसलेल्या मिठाच्या पातळ थराला सुटतं, कारण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी न वापरलेल्या पोर्टांना रबरी बुचं लावावीत. महिन्यातून एकदा यंत्र बंद करून, प्लग काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने पिना पुसा आणि दहा मिनिटं सुकू द्या. रॉकेल नको, त्याचा तेलकट थर राहतो. फोनच्या सी पोर्टमधला कचरा लाकडी टूथपिकने काढा, सुईने नाही. सुटी केबल घट्ट चौकोनी घडी न करता सैल वेटोळं करून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पिशव्यांबरोबर ठेवा. वेटोळ्यावर कागदी चिठ्ठी बांधा: वेग, वॉट, लांबी. पाकीट फेकल्यावर हे आकडे पुन्हा कुठेच सापडत नाहीत.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याकडून मुंबईहून मागवायची असेल तर ‘चांगली टाइप सी केबल आण’ असं सांगू नका, तो जी दिसेल ती आणेल. असं लिहून पाठवा: ‘टाइप सी ते टाइप सी, १० जीबीपीएस, १०० वॉट, ई-मार्कर असलेली, १ मीटर, बिलासकट.’ लॅनसाठी: ‘कॅट ६, २३ एडब्ल्यूजी, शुद्ध तांबं, सीसीए नको, आउटडोअर काळं वेष्टण, ९० मीटर, कॅट ६चे कनेक्टर १० नग.’ कनेक्टर जास्तच मागवा, पहिली दोन-तीन टोकं वाया जातात. आणि आल्या दिवशीच, तो परत निघायच्या आत, केबल लावून मोठी फाइल कॉपी करून वेग बघा, म्हणजे चुकलीच तर त्याच्याचकडून बदलून आणता येईल.